न विचारता सांगणारे भाऊसाहेब

तो खोली बघायला आला तेव्हा मी भाडं सांगायच्या आधी त्याने आपली मूळव्याध सांगितली. हातात पत्र्याची पेटी, बगलेत छत्री, आणि उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्याच म्हणाला, "आजी, मी ग्रामसेवक आहे. मला मूळव्याध आहे, त्यामुळे सकाळी संडासात वेळ लागतो. झोपेत घोरतो. बायको माहेरी गेलेली आहे, परत यायची शक्यता कमी आहे. आधीच्या गावातून माझी बदली गावानेच मागून घेतली. हे तुम्हाला नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं."

मी म्हटलं, "मी फकस्त येवढंच इचारणार हुते, की हातानं करून खाणार का डबा लावणार?"

त्याचा चेहरा पडला. "विचारणार होतात? म्हणजे सांगायचं राहिलं माझं." त्याने हात जोडून माफी मागितली आणि मग त्याला वांग्याने खाज सुटते इथपासून सगळं सांगितलं. मी खोलीची किल्ली दिली. खोटं बोलणारे भाडेकरू मी पुष्कळ पाहिले होते. हा निदान नवा प्रकार होता.

आमचं गाव ताम्हिणीच्या अलीकडे, धरणाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर. यष्टीच्या थांब्यासमोर माझं घर आणि त्याला लागून भाड्याच्या खोल्या. खाली भुकूमकडे अशा खोल्यांत संगणकावर काम करणारी पोरं राहतात. माझ्याकडे एक शाळामास्तर, धाब्यावरचे आचारी आणि हा. माझा मुलगा उरवड्याच्या कारखान्यात आहे, तो अंधार पडल्यावर घरी येतो. त्यामुळे दिवसभर ओट्यावर बसून लोकांचं बघणं हे माझं काम.

ग्रामसेवक गावात राहतो, हेच आधी कुणाला पटेना. ग्रामसेवक म्हणजे मंगळवारी पुण्याहून येणारा आणि आभाळ भरलं की परत जाणारा माणूस. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणतात, कारण नाव लक्षात राहीपर्यंत तो टिकत नाही. हा मुक्कामाला आला म्हटल्यावर लोक म्हणाले, कुठंतरी भानगड करून आलाय.

भानगड एकच होती. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात असं लिहिलंय म्हणे, की लोकांनी मागायची वाट न बघता सरकारी कचेरीने माहिती आपणहून जाहीर करावी. हे बाकीच्या ग्रामसेवकांनीही वाचलं असेल. वाचून पान उलटलं असेल. हा त्याच पानावर राहिला. "लोकांवर विचारायची वेळ आणली की आमचा गुन्हा झाला," असं तो म्हणायचा, आणि ते त्याला अगदी हाडापर्यंत खरं वाटायचं. त्यामुळे त्याला काही विचारायची सोय नव्हती. एखाद्याने सहज म्हटलं, "भाऊसाहेब, पंचायत कधी उघडती?" तर तो कुणी कानफटात मारल्यासारखा उभा राहायचा. माफी मागायचा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायतीची वेळ कुठल्यातरी भिंतीवर रंगवलेली असायची.

अशा भिंती भरत गेल्या. शाळेची, दूध डेअरीची, पाण्याच्या टाकीची, देवळाची मागची बाजू. कुठली योजना आली, तिचा पैसा आला का, आला तर कुठे गेला, नाही आला तर कुठे अडला. रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन स्वतः रंगवायचा, अक्षर सुरेख. माझीही रस्त्याकडची भिंत त्याने मागितली. मी म्हटलं, रंगवा, नाहीतरी तिचे पोपडे निघालेत. त्या भिंतीवर त्याने यष्टीचं वेळापत्रक लिहिलं. "सकाळची: येते. दुपारची: भरवसा नाही. संध्याकाळची: कागदावर आहे." डेपोचा माणूस येऊन भांडून गेला. तेही त्याने खाली लिहिलं.

स्वतःच्या खोलीच्या दारावर रोज एक कागद. आज कुठे जाणार, कशाने जाणार, परत कधी येणार. एकदा कागदावर होतं, "आज रडावंसं वाटत आहे. कारण घरगुती. कामावर परिणाम होणार नाही." धाब्यावरचे आचारी ते वाचून हसले, मग डब्यातून त्याला गोडाचा शिरा देऊन आले.

त्याला स्वतःचं एक तोंड पुरत नव्हतं, दुसरं होतं देवळाचा भोंगा. देवळातली आरती झाली की गुरव भोंगा त्याच्या हाती द्यायचा. एका सकाळी आवाज आला, "ग्रामस्थांना कळवण्यात येते की, काल आणि आज टाकीत औषध टाकायचं राहून गेलं आहे. पावडर आहे. शिपायाची चूक नाही, मीच विसरलो. पाणी उकळून प्यावं. जे प्यायले आहेत त्यांनी पोटाकडे लक्ष ठेवावं."

त्या दिवशी माझ्या शेजारच्या बबनच्या पोरीचं लग्न होतं. माणगावकडून आलेलं वऱ्हाड नुकतंच मांडवात टेकलं होतं, हातात पाण्याचे पेले. सगळे पेले एकदम खाली आले. नवरदेवाचा मामा तर घोषणा संपायच्या आत पोट धरून बसला. बबन फेटा बांधलेला, तसाच पंचायतीकडे पळाला.

"आरं, दुपारनं सांगितलं असतंस तर काय झालं असतं?"

"दुपारपर्यंत पाहुणे पाणी प्यायले असते."

"मग प्याले असते! आपल्या पाण्यानं आजवर कोण म्येलंय का?"

हा प्रश्न बबनने रागात विचारला होता. भाऊसाहेबाने तो प्रश्न म्हणून घेतला आणि उत्तर द्यायला लागला. "गेल्या पावसाळ्यात कावीळ झालेले..." एवढं ऐकून बबन त्याच्या अंगावर गेला. दोघांनी कमरेला धरून मागे ओढला म्हणून लग्न लागलं. बाटल्यांचं पाणी मागवावं लागलं. बबन पुढे कित्येक दिवस त्याच्याशी बोलला नाही, आणि भाऊसाहेब रोज त्याच्या दारावरून जाताना त्याला न विचारता सांगायचा, "आज औषध टाकलं."

मी त्याच्यावर कधी माया वगैरे केली नाही. वैताग होता तो. पण एक गोष्ट त्याने केली, ती दुसऱ्या कुणी केली नसती.

मला चालताना धाप लागायला लागली. मुलाने पौडला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने छातीला नळी लावली, यंत्रावर बघितलं, मला बाहेर बाकावर बसवलं आणि मुलाला आत घेऊन बोलला. मुलगा बाहेर आला तो हसत. हसणं त्याला शोभत नाही, त्यामुळे मला कळलं. "काय न्हाई आये, अशक्तपणा हाय. गोळ्या दिल्यात." मी चार दिवस विचारलं, तो चार दिवस अशक्तपणाच सांगत राहिला.

पाचव्या दिवशी भाऊसाहेब ओट्यासमोर येऊन उभा राहिला. "आजी, तुमच्या हृदयाची झडप खराब आहे. ऑपरेशन या वयात करू नका म्हणालेत डॉक्टर. एखाद-दुसरा पावसाळा, असा अंदाज आहे. तुमच्या मुलाने मला सांगितलं आणि आजीला सांगू नका म्हणाला. हेही सांगतो, म्हणजे तुमचा त्याच्याबद्दल गैरसमज नको."

संध्याकाळी मुलाने त्याची गचांडी धरली. मी मुलाला म्हटलं, "सोड त्याला. झडप माजी हाय, तुजी न्हाई."

आणि मग मी भाऊसाहेबाला स्मशानाचं बोलले.

आमच्याकडे पाऊस कसा पडतो हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. आमचे मालक आषाढात गेले. स्मशान ओढ्यापलीकडे, उघडं माळरान. अशा दिवसांत आमच्याकडची रीत ठरलेली: चौघांनी चार बाजूंनी गोठ्याचे पत्रे चितेवर धरायचे आणि खाली आग लावायची. पत्रा तापला की हात भाजतात, माणसं बदलायची. वाऱ्याने पत्रा उडाला तर पाणी थेट आत. मालकांना जाळायला अख्खा दिवस गेला. डिझेल ओतलं, जुने टायर टाकले. संध्याकाळी मुलगा घरी आला आणि जेवला नाही. काय राहिलं होतं ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही आणि मीही विचारलं नाही. आम्ही बायका स्मशानात जात नाही. जातो ते एकदाच, आडव्या.

म्हणून मी त्याला म्हटलं, "भाऊसाहेब, मला मरायचं काय वाटत न्हाई. मला भिजत जळायचं न्हाई. तितं डोक्यावर छप्पर पायजे, आन माज्या आधी पायजे."

त्याने दोन्ही हात जोडले. "आजी, हे तुम्ही मागायच्या आधी मला दिसायला हवं होतं."

मग तो त्या शेडच्या मागे लागला. पंचायत समिती, जिल्हा परिषद, परत पंचायत समिती. प्रत्येक फेरीचं भोंग्यावर जाहीर व्हायचं: "आज स्मशानशेडची फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली. तिसऱ्या टेबलाचे साहेब रजेवर आहेत, त्यांच्या मेहुणीचं लग्न आहे." साहेब वैतागले आणि त्यांनी शेड मंजूर केली, निदान आपली मेहुणी भोंग्यावर येऊ नये म्हणून. गावात पेढे वाटावे असं काम नव्हतं ते, पण म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांना बातमी सांगितली.

इथून पुढे जे झालं ते त्याच्याच हातून झालं.

कुठलंही सरकारी काम निघालं की आधी पाटी लावायची असते. कामाचं नाव, पैसा कुठला, ठेकेदार कोण. ही पाटी कामाच्या जागी लावायची, हा नियम. भाऊसाहेब लोखंडी पाटी घेऊन ओढा ओलांडून स्मशानात गेला, तिथे उभा राहून विचार केला, आणि पाटी घेऊन परत आला.

"का हो?" मी ओट्यावरून म्हटलं.

"आजी, तिथे पाटी कोण वाचणार? जो जातो तो वाचू शकत नाही. जे नेतात ते वाचायच्या मनःस्थितीत नसतात. माहिती जिथे माणसं आहेत तिथे पाहिजे."

आणि त्याने ती पाटी यष्टीच्या थांब्यावर, माझ्या घरासमोर, खड्डा खणून सिमेंटात रोवली. खाली स्पष्ट लिहिलेलं होतं की काम ओढ्यापलीकडे होणार आहे. अक्षर सुरेख.

त्यानंतर त्याला तालुक्याहून बोलावणं आलं. कसलं, तर पारदर्शक कारभाराचं प्रशिक्षण. तो तिकडे मुक्कामी गेला, दारावर कागद लावून.

तो नसताना ठेकेदाराचा ट्रक आला. ठेकेदार परक्या तालुक्यातला. त्याने गाडीतून उतरून पाटी पाहिली, पाटीच्या बाजूची मोकळी जागा पाहिली आणि मजुरांना बोट दाखवलं. खांब उभे राहिले, वर छपराच्या लोखंडी कैच्या, कैच्यांवर निळे पत्रे. मी रोज ओट्यावरून बघत होते. मला वाटलं, यष्टीची शेड बांधतायत, चांगलं झालं. सगळ्या गावाला तसंच वाटलं. बबन तर मजुरांना चहा देऊन आला. शेवटच्या दिवशी ट्रकातून लोखंडी जाळीचा एक मोठा पलंग उतरला आणि तो शेडच्या मध्यभागी बसवायला लागले. मी उठून गेले. मजूर हिंदी बोलणारे.

"ये क्या है रे?"

"अम्मा, लाश जलाने का है."

"हितं?"

"बोर्ड तो यहीं है ना, अम्मा."

ठेकेदाराला मी विचारलं, पाटी वाचली नाही का. तो माझ्याकडे बघून हसला. "मावशी, जन्म गेला या धंद्यात. पाटी दिसली की तिथं काम करायचं. पाटी कोण वाचतंय?"

तालुक्याचा इंजिनिअर कामाची पाहणी करायला आला. ऊन होतं, गाडीतलं यंत्र गार हवा सोडत होतं. त्याने काच खाली न करता शेडकडे बघितलं आणि सही केली.

अशी आमच्या यष्टीच्या थांब्यावर स्मशानभूमी झाली. शेड छानच होती. सकाळच्या गाडीची माणसं खाली उभी राहायला लागली. पिशव्या जाळीवर ठेवायला सोयीचं होतं. एकदा वळवाची सर आली आणि पुण्याची दोन तरुण माणसं मोटार थांबवून आत पळाली. नवरा-बायको असावीत. त्यांनी जाळीवर बसून धाब्यावरची भजी खाल्ली, फोटो काढले.

"आजी, किती युनिक बस स्टॉप आहे हा! इंडस्ट्रियल लुक!" पोरगी म्हणाली.

"बसा की," मी म्हटलं. "पण आडवं होऊ नका."

भाऊसाहेब प्रशिक्षणाहून दुपारच्या गाडीने आला. म्हणजे चालतच आला. शेड बघितली आणि बराच वेळ रस्त्याच्या कडेला पेटीवर बसून राहिला. मग सरपंच आला. हा सरपंच जमिनीचे व्यवहार करतो, बोटांत अंगठ्या, बोलणं मधासारखं.

"भाऊसाहेब, झालं ते झालं. ती पाटी उपटून टाका. ही यष्टीची शेड. कशी झ्याक दिसतीय बघा! मधली जाळी काढू, बाकडं टाकू. स्मशानाची शेड पुढल्या साली परत मागू, कुणाला कळतंय?"

"कागदावर ही स्मशानशेड आहे."

"कागद कोण बघतंय?"

"मी दाखवणार ना," भाऊसाहेब म्हणाला.

आणि सरपंच उभा असतानाच त्याने पेटीतून रंगाचा डबा काढून पाटीवर खाली लिहिलं. "सदर शेड चुकीच्या जागी बांधली गेली आहे. चूक: ग्रामसेवक, पाटी भलतीकडे लावली. ठेकेदार, पाटी वाचली नाही. इंजिनिअर, पाहणी गाडीतून केली." सरपंच जाता जाता मला म्हणाला, "म्हातारे, तुजा भाडेकरू समद्यांना घिऊन बुडणार."

झालंही तसंच. चौकशी लागली. चौकशी लागली म्हणजे शेडला हात लावायचा नाही. आणि गावात एक स्मशानशेड आहे अशी नोंद असल्यामुळे दुसरी मिळायची नाही. चौकशी कधी संपणार हे भाऊसाहेबाने तालुक्याला विचारलं. उत्तर आलं नाही. त्याने "उत्तर आलेलं नाही" असं रोज भोंग्यावर सांगितलं.

एक मेची ग्रामसभा त्या शेडखालीच भरली, सावली तेवढी तिथेच होती म्हणून. बाकीची जमिनीवर, मी जाळीवर. मला खाली बसून उठता येत नाही. वैशाखाचं ऊन होतं, पण माझ्या डोळ्यापुढे आषाढ होता. मधे महिना-दीड महिना राहिलेला.

मी बोलायला उठले नाही, बसूनच बोलले. "भाऊसाहेब, सरपंच खोटं बोलला असता तर मला पुढल्या साली छप्पर मिळालं असतं. तुमी खरं बोललात आन मला काय मिळालं? तुमचा खरेपणा मी अंगावर पांघरू का जळताना?"

सरपंच खाली बघून हसला.

"आजी," भाऊसाहेब म्हणाला, "माझ्या हातात फक्त सांगणं आहे. शेड हलवायची परवानगी माझ्या हातात नाही."

"मग सांगा की! तेवढंच येतंय न्हवं तुमाला? सांगा त्यास्नी, आमी ही शेड चोरून न्हेतोय म्हणून!"

लोक हसले. मी रागाने बोलले होते. हा मात्र हसला नाही. डोळे बारीक करून शेडच्या खांबांकडे बघत राहिला. खांब जमिनीत गाडलेले नव्हते, खाली पट्ट्यांवर नटबोल्टने आवळलेले होते.

दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या भिंतींवर एकच मजकूर. "सर्वांना कळवण्यात येते की, येत्या अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामस्थ यष्टीच्या थांब्यावरील स्मशानशेड विनापरवाना उचलून ओढ्यापलीकडे स्मशानात नेणार आहेत. हे बेकायदेशीर आहे. कोणाची हरकत असल्यास त्याआधी कळवावी." एक प्रत त्याने तालुक्याच्या कचेरीत दिली. तिथल्या कारकुनाने न वाचता शिक्का मारला. एक प्रत पोलिसांना दिली. भोंग्यावर रोज दोन वेळा.

एकाचीही हरकत आली नाही. सरपंच तेवढा येऊन म्हणाला, "अवो, चोरी कोण सांगून करतं का?"

"न सांगता केली तर ती चोरी," भाऊसाहेब म्हणाला. "सांगून केली तर काय म्हणतात ते मला अजून सापडलेलं नाही."

आमच्याकडे गोठा हलवायचा असला तर छप्पर मोडत नाहीत. सगळी आळी गोळा होते, वासे खांद्यावर घेते आणि आख्खं छप्पर उचलून नव्या मेढींवर नेऊन ठेवते. ते अंगवळणी पडलेलं काम. त्यामुळे सकाळी बोल्ट सोडवायचे पाने घेऊन पन्नासेक बाप्ये आले तेव्हा कुणाला काही शिकवावं लागलं नाही. आधी पत्रे सुटले. मग कैच्या, मग खांब. बबन सगळ्यात पुढे. त्याचीही पासष्टी उलटलीय, त्यालाही कळतं आपण कुठल्या रांगेत आहोत.

भाऊसाहेबाने कशाला हात लावला नाही. तो सरकारी नोकर होता, सरकारी माल चोरणं त्याला चालणार नव्हतं. तो हातात बॅटरीवरचा भोंगा घेऊन बाजूने चालत होता. "आता पहिला खांब उचलण्यात येत आहे. खांबाला इजा नाही. ओढ्यात शेवाळ आहे, ग्रामस्थांनी पाय जपून टाकावा."

मध्येच पोलिसाची मोटारसायकल आली. त्याने म्हणे नोटीस वाचली होती. साऱ्या तालुक्यात वाचणारा तो एकटा निघाला.

"चोरी कुठाय?"

"ही काय चाललीय," भाऊसाहेबाने दाखवलं.

पोलीस डोकं खाजवत उभा राहिला. "अवो, माल सरकारचा, जातोय सरकारी स्मशानात, आन तुमी पंधरा दिवस वरडून सांगताय. मी गुन्हा नोंदवू कसा? फिर्यादी कोण?"

"मी होऊ शकतो."

"आन आरोपी?"

"तोही मीच."

"नगं बाबा," पोलीस म्हणाला आणि शर्टाच्या बाह्या सरसावून कैचीचं एक टोक खांद्यावर घेतलं.

शेवटी जाळी गेली. चौघांनी खांद्यावर घेतली तेव्हा पोरांपैकी कुणीतरी "राम बोलो" म्हणालं आणि शिव्या खाल्ल्या. मी ओट्यावरून बघितलं. ओढ्यापर्यंत दिसतं, पुढे झाडं आहेत.

पाऊस लागायच्या आत शेड उभी राहिली, आणि पावसाबरोबर भाऊसाहेबाला नोटीस आली. त्याने स्वतःवरचे आरोप भोंग्यावर वाचून दाखवले, सगळे, सावकाश. "पहिला आरोप बरोबर आहे. दुसरा अर्धा बरोबर आहे." बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या तालुक्यात झाली. जाताना खोली झाडून, किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, "आजी, कोपऱ्यातल्या फरशीला तडा गेलाय. माझ्याकडून पाटा पडला." मी म्हटलं, "दिसलाय मला." त्यावर त्याला फार वाईट वाटलं.

नवा ग्रामसेवक मंगळवारचा आहे. आभाळ बघून येतो. भोंगा आता गुरवाकडेच असतो.

आषाढ मध्यावर आला आणि आभाळ फाटलं. तीन दिवस डोंगर दिसला नाही. माझ्या मनात एकच, ती शेड टिकली का, गळते का. मुलाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, अगदी कोरडी हाय आये. त्याच्या सांगण्यावर मी कशी विसंबू? मुलगा कामावर गेला तशी मी छत्री आणि काठी घेतली आणि निघाले. बायकांनी जायचं नसतं. पण मला कोण अडवणार होतं, आणि अडवून काय मिळवणार होतं? ओढ्यावर साकव आहे, त्यावरून गेले. बसत, थांबत, धापा टाकत.

शेडखाली उभी राहिले. पत्र्यावर नुसता दणका, पण आत कोरडं. मग म्हटलं उभं राहून काय कळणार. छत्री मिटली, जाळीवर चढले आणि आडवी झाले. लोखंड गार लागलं पाठीला. वर निळा पत्रा. पडून राहिले. डोक्यावर थेंब नाही, छातीवर नाही. मग उजव्या पायावर टप् झालं. थोड्या वेळाने पुन्हा टप्.

मी उठून बसले तेव्हा समोर गावातला शिरपा म्हशी घेऊन उभा होता. त्याने मला जाळीवरून उठताना पाहिलं आणि म्हशी तिथेच टाकून पळाला. त्याच्या म्हशी मलाच हाकत आणाव्या लागल्या.

घरी येऊन मी मास्तराकडून भाऊसाहेबाला फोन लावून घेतला.

"शेड बघून आले मी," मी म्हटलं.

"पावसात? तुम्ही? कशी आहे?"

"कोरडी हाय. उजव्या पायाशी गळतंय जरा. जुन्या बोल्टाचं भोक ऱ्हायलंय."

"लिहून द्या, मी इथून तालुक्याला..."

"कुणाला लिवून दिऊ? आन पायाचं काय येवढं. भात लावताना जल्मभर चिखलातच हुते त्ये. डोसकं कोरडं ऱ्हातंय, बास."

तो म्हणाला, "बाकीच्यांना सांगितलंत का?"

"कुणाला?"

"ज्यांना पुढे जायचंय त्यांना."

"समद्या गावालाच जायचंय की तितं."

"मग त्यांना आधी कळायला नको?"

मी फोन मास्तराला परत दिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला माणसं उभी होती, आता डोक्यावर काही नाही म्हणून छत्र्यांखाली दाटीवाटीने. मी ओट्यावरून ओरडून सांगितलं, "ऐका रं! स्मशानातली शेड मी आडवी पडून बघितलीय. कोरडी हाय. निस्ती पायाशी गळतीय. ज्याला चालत न्हाई त्यानं वर चढून डांबर लावावं, न्हाईतर उन्हाळ्यात मरावं."

कुणी हसलं नाही. बबन गर्दीतून बाहेर आला, रस्ता ओलांडून माझ्या ओट्यापाशी उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "म्हातारे, कुठल्या पायाशी?"